त्रिरश्मीच्या पायथ्याशी अठरा जणी



नाशिक विभागातल्या बौद्ध महिला मंडळांचा मेळावा त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी भरणार आहे, प्रत्येक मंडळाने किमान दहा भगिनी पाठवाव्यात, असे पत्र आमच्या मनमाडच्या मंडळाला फेब्रुवारीत आले. पत्र वाचून झाल्यावर पहिला प्रश्न निघाला भाड्याचा, दुसरा सुट्टीचा आणि तिसरा घरच्या भाकरीचा. आमच्यात धुणीभांडी करणाऱ्या आहेत, अंगणवाडीच्या मदतनीस आहेत, रेल्वेतल्या कामगारांच्या विधवा आहेत, दोघी कांद्याच्या खळ्यावर निवडणीला जातात. रविवार म्हणजे सुट्टीच, असे आमच्याकडे नसते. तरी नावे लिहिता लिहिता अठरा झाली.

अठरावे नाव मावशींचे. त्यांचे नाव घेताना सगळ्या क्षणभर गप्प बसल्या, कारण मावशींच्या डाव्या पायाची दोन बोटे गेल्या श्रावणात कापावी लागली. साखरेचा आजार, पायाला झालेली बारीकशी जखम, ती चिघळली. नाशिकला मोठ्या दवाखान्यात न्या असे डॉक्टरांनी सांगितले, पण मुलाचा पगार व्हायचा होता. गाडीभाडे, तिथले राहणे, सोबतीच्या माणसाचा बुडालेला रोज, हे सगळे जमेपर्यंत नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांत आमच्या मंडळाच्या खात्यात अडतीस हजार रुपये पडून होते! मावशी अकरा वर्षे न चुकता वर्गणी भरत होत्या. पण आमच्या वहीत खर्चाचे रकाने चार : भीमजयंती, बुद्ध पौर्णिमा, वर्षावास आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन. आजारपणाचा रकाना नव्हता. मंडप आणि स्पीकरची सुपारी देऊन झाली होती. सही करणाऱ्या दोघींपैकी एक गावी गेली होती. कुणी कुणाला नाही म्हटले नाही. कुणाला विचारायचे सुचलेच नाही. मावशींनीही तोंड उघडून मागितले नाही. दोष कुणाला देणार? आमचा आम्हालाच.

असो. पहाटेच्या पंचवटी एक्स्प्रेसने निघालो. पांढऱ्या साड्या, निळे काठ, प्रत्येकीच्या पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. डब्यात रोजचे पासवाले बसलेले. त्यांनी आमची गर्दी बघून आधी कपाळाला आठ्या घातल्या, पण मावशींची काठी पाहून खिडकीची जागा मोकळी करून दिली. आमच्यातल्या एकीच्या नातीने विचारले, "आजी, बाबासाहेब मनमाडला आले होते का गं?" आले होते तर! १९३८ च्या फेब्रुवारीत १२ आणि १३ तारखेला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद इथेच भरली आणि ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असे बाबासाहेबांनी इथेच सांगितले. येवलाही आमच्या जवळच. हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही ही गर्जना तिथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी झाली. अशा मातीतल्या आम्ही, पण नाशिकची लेणी आमच्यातल्या दहा जणींनी कधी पाहिली नव्हती. लासलगावला उन्हाळ कांद्याचा वास डब्यात शिरला, निफाडच्या पुढे द्राक्षांच्या बागा लागल्या. तासाभरात नाशिकरोड.

नाशिकरोडहून बसने द्वारका, तिथे गाडी बदलून मुंबई–आग्रा रस्त्याने पाथर्डी फाट्याकडे. शहरापासून आठेक किलोमीटरवर तो शंकूसारखा डोंगर दिसू लागतो. लोक त्याला पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा त्या लेण्यांशी काडीचा संबंध नाही. आत जे लेख कोरले आहेत त्यांत डोंगराचे नाव त्रिरश्मी, प्राकृतात तिरण्हु, असे स्वच्छ लिहिलेले आहे. पाटीवर काय लिहायचे ते पाटीवाले जाणोत, आपल्या मुलांना तरी आपण खरे नाव शिकवावे.

पायथ्याशी महापालिकेचे दादासाहेब फाळके स्मारक आहे आणि त्याच्या शेजारी बुद्ध स्मारक. २०२३ च्या विजयादशमीला श्रीलंकेतील अनुराधापूरच्या महाबोधी वृक्षाची फांदी इथे आणून लावली. मूळ बुद्धगयेच्या बोधिवृक्षाची फांदी अनुराधापूरला नेली ती सम्राट अशोकाच्या कन्येने, भिक्खुणी संघमित्रेने. बाईच्या हाताने समुद्रापार गेलेले झाड इतक्या शतकांनी आपल्या जिल्ह्यात आले. हे ऐकून आमच्यातल्या एकीने हात जोडले आणि लगेच विचारले, "पाणी कोण घालतं रोज?" कामवाल्या बाईला आधी काम दिसते.

मेळाव्याला अजून वेळ होता. नाशिकच्या एक निवृत्त शिक्षिका भगिनी म्हणाल्या, चला, तोवर वर जाऊन येऊ. दोनशेच्या वर पायऱ्या आहेत. मावशी पहिल्याच पायरीवर बसल्या. "तुम्ही जा, मी पिशव्या राखते," म्हणाल्या. आम्ही सतरा जणी वर निघालो, पण पाय जड झाले होते, ते काही चढणीमुळे नव्हे.

वर चोवीस लेणी आहेत, सगळी एका ओळीत, डोंगराच्या पोटाला पट्टा बांधावा तशी. बाईंनी आम्हाला भराभर न नेता चार ठिकाणीच थांबवले आणि एकच गोष्ट दाखवली : बायकांची नावे. आम्ही इतकी वर्षे ऐकत आलो की लेणी राजांनी कोरली. राजांनी दिलेले दान आहेच. पण भिंतीवर बायका आहेत, आणि त्या नाव लिहून उभ्या आहेत.

तिसऱ्या क्रमांकाच्या विहाराच्या ओसरीखाली सहा धिप्पाड यक्ष खांद्यावर तुळया घेऊन बसलेले दिसतात. हे लेणे दिले गौतमी बलश्रीने, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईने, नातू पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी. लेखात तिने स्वतःला सत्य, दान, क्षमा आणि अहिंसा यांत रमणारी म्हणवून घेतले आहे. बाईंनी पुढचेही लपवले नाही. त्याच लेखात मुलाची स्तुती आहे आणि तीत त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला, तो अद्वितीय ब्राह्मण होता, असेही कोरले आहे. ते ऐकून आमचे चेहरे पडले. बुद्धाच्या भिक्खूंना लेणे द्यायचे आणि त्याच भिंतीवर वर्णाची थोरवी गायची! बाई हसून म्हणाल्या, "इतिहास आपल्याला हवा तसा मिळत नाही. आहे तसा वाचायचा." आम्हाला हे पटले. लेणे घ्यावे, वर्णाची ओळ तिथेच ठेवावी.

अठराव्या लेण्यात चैत्य आहे. आत स्तूप, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, दारावर घोड्याच्या नालासारखी कमान. खांबांवरचा लेख सांगतो की हे चैत्यगृह भट्टपालिका नावाच्या स्त्रीने पुरे करवले. ती महाहकुसिरीची नात, तिचा नवरा राजाच्या भांडारावरचा अधिकारी. दारावरचा लेख मात्र आम्हाला जास्त जवळचा वाटला. ते काम धंबिक गावच्या लोकांचे दान आहे. गावकीने वर्गणी काढून दार उभे केले! नाशिक हे नावही त्या लेखात येते. विसाव्या लेण्याची कथा तर घराघरांतली : बोपकी नावाच्या एका श्रमणाने काम सुरू केले, ते कित्येक वर्षे अर्धवट पडले, आणि शेवटी महासेनापती भवगोपाची पत्नी वासू हिने ते पुरे करून संघाला दिले. "पुरुषांनी काढायचं, बायकांनी निस्तरायचं," असे मागून कुणी तरी बोलले आणि लेण्यात हशा घुमला. सगळे दाते राजघराण्यातले होते असेही नाही. आठव्या लेण्याचा दाता मुगूदास. 'दासक' म्हणजे मासे धरणारा कोळी, असा अर्थ अभ्यासक लावतात. त्याने आपल्या कुटुंबासह हे दान दिले.

आणि मग दहावे लेणे. इथे नहपान राजाची मुलगी दक्षमित्रा हिने दिलेल्या खोल्या आहेत, तिचा नवरा उषवदात याचे लांबलचक लेख आहेत. पण बाई आम्हाला अंगणातल्या भिंतीपाशी घेऊन गेल्या. तिथला लेख झिजला आहे, अक्षरे ब्राह्मी, आम्हाला एक अक्षर कळेना. त्यांनी वही काढून अर्थ वाचला. आभीर राजा ईश्वरसेन याच्या राज्याचे नववे वर्ष, म्हणजे साधारण इसवी सनाचे तिसरे शतक. विष्णुदत्ता नावाची उपासिका. ती शक कुळातली, म्हणजे परदेशातून आलेल्या लोकांतली. अग्निवर्म्याची मुलगी, रेभिलाची बायको, विश्ववर्म्याची आई. तिने गोवर्धन गावातल्या कारागिरांच्या श्रेणींकडे पैसे कायमचे ठेवले. एका श्रेणीकडे एक हजार कार्षापण, ती कुंभारांची असावी असे म्हणतात. पाण्याची यंत्रे करणाऱ्यांकडे दोन हजार. तेल गाळणाऱ्या तेल्यांकडेही काही. कशासाठी? तर त्रिरश्मीच्या विहारात राहणारे भिक्खू, मग ते कुठल्याही पंथाचे, कुठूनही आलेले असोत, त्यांच्यापैकी जो आजारी पडेल त्याच्या औषधासाठी.

आमच्यातली खजिनदार ताई मटकन खाली बसली.

बाईंना कारण माहीत नव्हते. त्या आपल्या उत्साहाने सांगत होत्या की श्रेणी म्हणजे त्या काळची पतपेढीच. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर काम चालवायचे. उषवदाताच्या लेखात तर हिशेबच दिला आहे : विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्याचे वर्षाचे व्याज होते दोनशे चाळीस. वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण, चिवरासाठी. आमच्यातल्या सातवी शिकलेल्या एकीने बोटांवर वीस बारे दोनशे चाळीस करून पाहिले. हिशेब बरोबर निघाला.

खाली उतरताना निम्म्या वाटेवर आम्ही बसलो. खजिनदार ताईने पिशवीतून वही काढली. खात्यात आज चाळीस हजार आहेत. ते मुदत ठेवीत ठेवले आणि सात टक्के व्याज धरले तर वर्षाला अठ्ठावीसशे. म्हणजे महिन्याला दोनशे तेहतीस रुपये आणि काही पैसे. एक जण म्हणाली, "एवढ्यात काय येतंय? सलाईनची बाटलीसुद्धा येत नाही." दुसरी म्हणाली, "मनमाड–नाशिक जाऊन येऊन गाडीभाडं येतं." मग कुणीच काही बोलले नाही. नऊ दिवस कशासाठी गेले होते ते सगळ्यांना ठाऊक होते.

खाली मावशी पिशव्यांच्या राशीत बसल्या होत्या, शेजारी दुसऱ्याच मंडळाच्या दोघी म्हाताऱ्या, तिघींच्या गप्पा रंगलेल्या. "काय पाहिलंत वर?" त्यांनी विचारले. "सांगू गाडीत," म्हणून आम्ही वेळ मारून नेली.

मेळावा अकराचा होता, सुरू झाला साडेबाराला. अध्यक्ष महाशय उशिरा आले. त्रिसरण, पंचशील झाले, त्यागमूर्ती रमाई आणि सावित्रीबाईंच्या प्रतिमांना पुष्पहार झाले. नाशिक, नगर, जळगाव, धुळे आणि नंदुरबार अशा पाच जिल्ह्यांतून बायका आल्या होत्या. नगरला आता अहिल्यानगर म्हणतात, पण बायकांच्या तोंडी नगरच. मंडळांची नावे बहुतेक सारखी : रमाई, यशोधरा, सुजाता, महाप्रजापती, सावित्रीबाई. एकाच नावाची चार मंडळे, त्यामुळे जेवणाच्या कुपनांचा असा गोंधळ झाला की विचारू नका.

एक गोष्ट मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही. मेळावा बायकांचा, पण व्यासपीठावर अकरांपैकी सात खुर्च्या पुरुषांच्या. पहिले दोन तास माईक त्यांच्याच हातात. स्त्रियांनी पुढे आले पाहिजे असे एकामागून एक जण सांगत होते आणि पुढे यायला जागा देत नव्हते. १९४२ च्या जुलैत नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद झाली तेव्हा अध्यक्षपदी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. हजारो बायकांसमोर बाबासाहेब बोलले आणि समाज किती पुढे गेला हे आपण स्त्रिया किती पुढे गेल्या यावरून मोजतो, अशा अर्थाचे त्यांनी सांगितले. परिषदेने ठराव काय केले? गिरण्यांत, विडी कारखान्यांत, नगरपालिकांत आणि रेल्वेत राबणाऱ्या बायकांना वर्षाला एकवीस दिवस किरकोळ रजा, एक महिना हक्काची रजा, कामात इजा झाली तर भरपाई, म्हातारपणी निवृत्तिवेतन. काडीमोडाचा हक्क आणि एकापेक्षा जास्त बायका करण्यावर बंदी. ऐंशी वर्षांपूर्वीचे ठराव हे! आमच्या अठरा जणींपैकी किती जणींना आज पगारी रजा मिळते, हे मोजायला एका हाताची बोटे पुरतात.

दुपारी जेवणानंतर पुरुष पाहुणे निघून गेले आणि मेळाव्यात जीव आला. सतरंजीवर गोल करून मंडळांनी आपापले काम सांगितले. सिन्नरकडच्या विडी वळणाऱ्या भगिनींनी सांगितले की त्या मुलींसाठी संध्याकाळची अभ्यासिका चालवतात, दिव्याचे बिल आळीपाळीने भरतात. जळगावकडच्या एका मंडळाने केळीच्या बागेत कामाला जाणाऱ्या बायकांची लेकरे सांभाळायला एका आजीबाईला महिन्याचे मानधन ठरवले आहे. नगरकडच्या बायकांनी ऊसतोडीला गेलेल्या घरांतल्या म्हाताऱ्यांना भाकरी पोचवायचे काम घेतले आहे. यांतल्या कुणाचा फोटो कधी छापून आला नसेल. रोटरीवाल्यांच्या घरच्या बायकांनी इंग्लंडात मँचेस्टरला १९२४ साली इनर व्हील नावाचा सेवा करणारा क्लब काढला, तो आता जगभर पसरला आहे, आणि चांगले काम करतो. त्याच १९२४ सालच्या जुलैत बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. तिकडे सेवा म्हणजे आपल्याजवळचे दुसऱ्याला देणे. आमच्याकडे देणारी आणि घेणारी एकाच चाळीतली असते, कधी कधी एकच असते. म्हणून आमच्या मंडळांना मागताना लाज वाटते आणि देताना नियम आठवतात.

नाशिकच्या बायकांनी शांताबाई दाणींची आठवण काढली. १९१९ साली नाशकात जन्मलेल्या, २००१ साली गेलेल्या शांताबाई दादासाहेब गायकवाडांच्या सोबतीने चळवळीत वाढल्या, विधान परिषदेत गेल्या, 'रात्रंदिन आम्हा' हे आत्मकथन लिहिले. पण नाशिकच्या बायका त्यांना ओळखतात त्या मुलींच्या शिक्षणासाठी झिजलेल्या शांताबाई म्हणून. भाषण कसे केले हे कुणी सांगितले नाही, कुणाची फी भरली हे सांगितले.

आमची पाळी आली तेव्हा खजिनदार ताई उभी राहिली आणि तिने जे लिहून आणले होते ते बाजूला ठेवले. चार जयंत्या केल्या, दोन रॅल्या काढल्या, हे सांगायचे होते. तिने नऊ दिवसांची हकीकत सांगितली. मावशींचे नाव घेतले नाही, पण मावशींनी पदर तोंडावर ओढला. मग एकच गलका झाला. धुळ्याकडच्या एक जण म्हणाल्या, "जयंतीचा पैसा दुसरीकडे वळवायचा नाही. वर्षातून एक दिवस आपली माणसं मान वर करून रस्त्यावरून चालतात. तोही बंद करायचा का?" हा मुद्दा खोटा नव्हता. ज्यांनी गावकुसाबाहेरचे दिवस पाहिले आहेत त्यांना मिरवणुकीची किंमत कळते. दुसऱ्या म्हणाल्या, मिरवणूक राहू द्या, पण त्या स्पीकरच्या भिंती नकोत. तिसऱ्या म्हणाल्या, दवाखाना हे सरकारचे काम आहे, आपण वर्गणी काढायची सवय लावली की सरकार मोकळे. हाही मुद्दा खोटा नव्हता.

तेवढ्यात एक वयस्क उपासिका, त्या बहुधा नाशिकरोडच्या होत्या, बसल्या जागेवरूनच बोलल्या. विनयपिटकातली गोष्ट त्यांनी सांगितली. एका भिक्खूला हगवण लागली होती, तो स्वतःच्याच घाणीत पडला होता, कुणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी विचारले, का रे बाबा, तुझी सेवा कुणी करत नाही? तो म्हणाला, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझ्याकडे बघत नाहीत. तेव्हा बुद्धांनी पाणी ओतले, आनंदाने धुतले, दोघांनी उचलून त्याला बिछान्यावर निजवले. मग संघाला बोलावून सांगितले की इथे तुम्हाला आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहणार? ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. गोष्ट सांगून बाई पाणी प्यायल्या. वाद काही मिटला नाही, पण आवाज खाली आले.

ठराव एवढाच झाला की प्रत्येक मंडळाने आजारपणाचा वेगळा रकाना ठेवावा, आणि तो पैसा काढायला दोन सह्यांऐवजी तिघींपैकी कुणा दोघींच्या सह्या चालाव्यात. तुम्हाला वाटेल, ही काय क्रांती? आमच्या मते, आहे.

रात्रीच्या गाडीला अवकाश होता, म्हणून पंचवटीत काळाराम मंदिराकडे गेलो. २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला तेव्हा मंदिराचे चारही दरवाजे बंद होते. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया दारांवर बसल्या. एप्रिलात रामनवमीच्या रथाच्या दिवशी दगड पडले, माणसे रक्तबंबाळ झाली. दादासाहेबांनी लढा पुढे वर्षानुवर्षे धरून ठेवला. १९३४ साली बाबासाहेबांनी त्यांना लिहिले की हा लढा मूर्तिपूजा मिळावी म्हणून नव्हता, आपल्या माणसांना जाग यावी म्हणून होता.

आम्ही दाराबाहेर उभ्या राहिलो. नातीने विचारले, "आत जायचं नाही?" तिच्या आजीने सांगितले, "जा, बघून ये. दार उघडं आहे हे बघून ये. आपलं आत काम नाही." पोरगी धावत आत गेली आणि दोन मिनिटांत बाहेर आली. काळा दगड आहे, म्हणाली. आम्हाला त्या पंचवीस बायका आठवत होत्या. त्यांची लेकरे कुणी सांभाळली असतील? कुणी तापाने फणफणत घरी पडले असेल, त्याच्या उशाशी कोण बसले असेल? दारावर बसलेल्यांचा आकडा पुस्तकात मिळतो. मागे राहून हे काम करणाऱ्या बायका त्या आकड्यात नाहीत, त्यांच्यावाचून मात्र ते पंचवीस जणींचे बसणे झाले नसते. फुलवालीने मावशींना बसायला आपला पाट दिला. मावशी त्या दाराकडे तोंड करून बराच वेळ बसून राहिल्या.

परतीच्या पंचवटीत जागा मिळाली नाही, निम्म्या जणी खालीच बसल्या. खजिनदार ताईने वहीत पाचवा रकाना आखला. त्यावर काय लिहावे यावर पुन्हा चर्चा. लेखात 'गिलान' म्हणजे आजारी असा शब्द आहे, तो लिहावा असे एकीचे म्हणणे. बँकेतल्या साहेबाला तो कळणार नाही असे दुसरीचे. शेवटी 'आजारपण' असेच लिहिले. अकरा जणींनी सही केली. सात जणींनी पुढच्या रविवारच्या बैठकीत बोलू असे सांगितले. त्या सातांत मावशी होत्या.

"अहो मावशी, तुम्हीच?" आम्ही म्हटले.

"रकाना ठेवा. पण जयंतीतला एक रुपया कमी करायचा नाही. वर्गणी दहा रुपयांनी वाढवा. माझ्या पायामुळं बाबासाहेबांचा मंडप लहान झाला असं कुणी म्हणायला नको."

वाढवायची म्हणजे महिन्याला पन्नासाचे साठ. दोघी-तिघींनी मान खाली घातली, कारण पन्नासच ओढून ताणून येतात. तो प्रश्न रविवारी येणारच आहे.

लासलगाव गेल्यावर आम्ही त्यांना वरच्या लेण्याची सगळी हकीकत सांगितली. ठेव, व्याज, कुंभार, तेली, औषध. मावशी लक्ष देऊन ऐकत होत्या.

"काय नाव म्हणालात त्या बाईचं?"

"विष्णुदत्ता."

"आणि तिचं दुखणंखुपणं कुणी पाहिलं?"

ते भिंतीवर लिहिलेले नाही. मनमाड आले तेव्हा पावणेअकरा वाजले होते. मावशींचा मुलगा सायकल घेऊन फलाटाबाहेर उभा होता.